ट्रोपोनिन निगेटिव्ह, कागदावर अटॅक : अनस्टेबल अँजायनाच्या एका फाइलचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण धुळे-जळगाव पट्ट्यातल्या एका खासगी रुग्णालयातलं आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वेळा, तपासण्या आणि कागदांचा क्रम मात्र होता तसाच ठेवला आहे. मी तिथल्या मेडिकल रेकॉर्ड विभागाचं, म्हणजे एमआरडीचं, काम पाहते. रुग्णाच्या उपचारांत काही चुकलं नाही. गोंधळ झाला तो कागदावर, आणि त्यापायी बरा झालेला माणूस डिस्चार्जच्या दिवशी रात्रीपर्यंत खाटेवर बसून राहिला.

पार्श्वभूमी

रुग्ण ५६ वर्षांचे, कापूस पिकवणारे शेतकरी. घरात आणि गावात सगळे त्यांना आबा म्हणतात, आपणही तेच म्हणू. मधुमेह सहा वर्षांपासून, रक्तदाबाची गोळी चालू. तंबाखू-चुना दिवसातून किती वेळा, हे त्यांनाही धड सांगता येत नव्हतं.

महिना मे. शेतात शेणखत टाकायचं काम आणि गावात लग्नसराई, दोन्ही एकदम. शेताकडे जाताना पाटचारीचा चढ लागतो. तो चढताना आबांच्या छातीत साधारण दोन महिन्यांपासून दाबल्यासारखं व्हायचं आणि बांधावर जरा टेकलं की थांबायचं. शेवटच्या आठ-दहा दिवसांत हे वाढलं. आधी चढावर होणारं दुखणं सपाट रस्त्यावर होऊ लागलं, मग अंघोळीला जाताना, आणि त्यानंतर दोनदा रात्री झोपेतून उठवून. घरच्यांनी त्याचं खापर लग्नातल्या वरण-बट्टीवर आणि वांग्याच्या घोटलेल्या भाजीवर फोडलं. ओवा झाला, सोडा झाला, पित्ताची गोळी झाली.

दाखल झाले त्या पहाटे तीनला ते घामाने भिजून उठले. पंचवीस मिनिटं छाती आवळलेली, डावा हात जड. मग ओसरलं. सव्वाचारला पुन्हा सुरू झालं तेव्हा पुतण्याने ईको गाडी काढली आणि तालुक्याच्या डॉक्टरांचं दार वाजवलं. डॉक्टरांनी वेदना चालू असतानाच ईसीजी काढला. छातीच्या डाव्या बाजूच्या लीडमध्ये, व्ही४ ते व्ही६ मध्ये, एसटी, म्हणजे ईसीजीच्या रेघेचा एक ठरावीक भाग, एक मिलिमीटरपेक्षा जास्त खाली गेलेला होता. ॲस्पिरिन चघळायला दिली, जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली, पाच-सात मिनिटांत दुखणं थांबलं. ईसीजीचा फोटो त्यांनी शहरातल्या कार्डिओलॉजिस्टना व्हॉट्सॲपवर पाठवला आणि पेशंट पुढे धाडला. इथपर्यंत कोणाच्या कामात बोट ठेवायला जागा नाही.

आमच्या कॅज्युअल्टीत ते साडेसातला पोहोचले. छातीत दुखत नव्हतं आणि नवा ईसीजी जवळपास नॉर्मल होता. ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची, कार्ड टेस्ट निगेटिव्ह आली. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी लिहिलं : चेस्ट पेन, दोन महिने. घाम आहे. मधुमेह, रक्तदाब. इम्प्रेशन, एसीएस (ॲक्यूट कोरोनरी सिंड्रोम). क्लोपिडोग्रेल, स्टॅटिन आणि रक्त पातळ करणारं इंजेक्शन लगेच सुरू झालं आणि आबा आयसीयूत गेले. दुपारी एक-चाळीसला दुसरं ट्रोपोनिन मशीनवर केलं. तेही सामान्य मर्यादेत. आयसीयूच्या रजिस्ट्रारने त्यानंतर लिहिलं : एसीएस, यूएसए / एनस्टेमी. यातलं यूएसए म्हणजे अनस्टेबल अँजायना. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफीत हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीत, एलएडीमध्ये, मधोमध ९० टक्के अडथळा दिसला आणि त्याच बैठकीत स्टेंट बसला. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज समरी तयार झाली. निदानाची ओळ आयसीयूच्या नोटमधून जशीच्या तशी उचललेली होती.

वैद्यकीय बाजू थोडक्यात

एसीएस या एका छत्रीखाली तीन गोष्टी येतात. धमनी पूर्ण बंद पडून ईसीजीत एसटी वर गेला की तो स्टेमी, म्हणजे लोक ज्याला मोठा अटॅक म्हणतात तो. धमनी अर्धवट बंद, पण हृदयाच्या स्नायूला इजा झाली आणि ट्रोपोनिन वाढलं, तर एनस्टेमी. चरबीचा थर फुटून त्यावर गुठळी धरली, रक्त कमी पडलं, वेदना झाल्या, पण स्नायू मेला नाही आणि ट्रोपोनिन वाढलं नाही, तर ती अनस्टेबल अँजायना.

अनस्टेबल अँजायना ओळखायची ती तीन चेहऱ्यांनी. एक, विश्रांतीत होणारी वेदना, साधारण वीस मिनिटांहून जास्त टिकणारी. दोन, नव्याने सुरू झालेली आणि थोड्या श्रमातही होणारी. तीन, आधीपासून असलेल्या दुखण्याचा वाढता क्रम : जास्त वेळा, जास्त वेळ, कमी श्रमात. आबांकडे पहिला आणि तिसरा हे दोन्ही चेहरे होते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. स्टेमीचं निदान ईसीजीच्या पट्टीवर दिसतं, एनस्टेमीचं रक्ताच्या रिपोर्टवर. अनस्टेबल अँजायनात ट्रोपोनिन नॉर्मल असतं आणि वेदना थांबल्यावर काढलेला ईसीजीही नॉर्मल असू शकतो. मग निदान उभं राहतं ते रुग्णाने सांगितलेल्या हकिकतीवर. ती हकिकत केसपेपरवर उतरली नाही, तर फाइल उघडणाऱ्या तिसऱ्या माणसाला दोन नॉर्मल रिपोर्ट आणि एक मोठं बिल एवढंच दिसतं.

अडचण

आबांचा मुलगा पुण्यात कंपनीत आहे. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आई-वडील धरलेले होते, म्हणून कॅशलेस घेतलं. डिस्चार्जच्या दिवशी सकाळी अंतिम बिल टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडे, गेलं. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार डिस्चार्जच्या मंजुरीचं उत्तर तीन तासांत यायला हवं. उत्तर वेळेत आलं, पण मंजुरीऐवजी दोन प्रश्न आले.

पहिला : ट्रोपोनिन दोन्ही वेळा निगेटिव्ह असताना तीव्र मायोकार्डियल इन्फार्क्शनचा कोड कशाच्या आधारे लावला? दुसरा : तक्रार दोन महिन्यांची आहे, म्हणजे दुखणं जुनं आणि स्थिर दिसतं, मग तातडीने आयसीयूत दाखल करण्याचं कारण काय?

मी फाइल मागवली. प्रत्येक निदानाला जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या यादीतला एक कोड लागतो. इथे कोड होता आय २१.९, म्हणजे तपशील न दिलेला तीव्र हार्ट अटॅक. तो कोणी विचार करून लावलेला नव्हता. बिलिंगच्या ऑपरेटरने निदानाच्या खिडकीत एसीएस टाईप केलं आणि सॉफ्टवेअरने वर सुचवलेला पहिला पर्याय निवडला. काउंटरवर पाच नातेवाईक उभे असताना खाली स्क्रोल करून कोण बघतं?

दुसऱ्या प्रश्नाला तर आमच्याकडे कागदावर उत्तरच नव्हतं. दहा दिवसांत दुखणं कसं बदललं याची एक ओळही फाइलमध्ये नव्हती. पहाटे तीनची वेळ नव्हती. तालुक्याचा ईसीजीही नव्हता. टीपीएला शिव्या घालणं सोपं असतं आणि आमच्याकडे ते काम मन लावून केलं जातं. पण या दोन प्रश्नांपुरतं बोलायचं तर, समोर आलेल्या कागदावरून कोणीही हेच विचारलं असतं. आमचा कागद एका तोंडाने अटॅक म्हणत होता आणि दुसऱ्या तोंडाने जुनं दुखणं. जे खरं होतं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

समोर कोणते पर्याय होते

बिलिंगचं म्हणणं, कोड तसाच ठेवू आणि डॉक्टरांकडून एक पत्र जोडू. यात वेळ वाचला असता. पण मग पत्रात काय लिहायचं? ट्रोपोनिन नसलेला हार्ट अटॅक? शिवाय कोड फक्त क्लेमपुरता नसतो. आय २१ लागला की रुग्णालयाच्या वार्षिक आकड्यांत एक अटॅक वाढतो. हाच कोड पुढे गुणवत्ता तपासणीत उचलला गेला, तर गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन का दिलं नाही हा प्रश्न येतो. ते इंजेक्शन अनस्टेबल अँजायनात आणि एनस्टेमीत द्यायचंच नसतं. म्हणजे बरोबर उपचार चुकीचे ठरणार. आणखी एक अडचण कोडिंगच्या नियमांतून येते. आय २१ हा कोड अटॅकपासून चार आठवड्यांपर्यंत चालतो, आणि त्या काळात पुन्हा अटॅक आला तर तो आय २२, म्हणजे पाठोपाठचा अटॅक. आबा पुढच्या महिन्यात खरोखर अटॅक घेऊन आले असते, तर त्यांचा पहिला अटॅक कागदावर दुसरा ठरला असता.

दुसरी सूचना टीपीएच्या डेस्कवरच्या मुलाची, फोनवर दिलेली : नुसतं छातीत दुखणं लिहा, आर ०७.४ लावा, क्वेरी मिटेल. मिटली असती की नाही कोण जाणे. पण लक्षणाचा कोड निदान झालंच नसेल तेव्हा लावायचा असतो. ९० टक्के अडथळा आणि स्टेंट असलेल्या फाइलवर तो लावणं म्हणजे पुढच्या क्वेरीला आमंत्रण.

तिसरा पर्याय मधला होता : आय २४.९, तपशील नसलेला तीव्र इस्केमिक हृदयविकार. एसीएस एवढंच लिहिलेलं असेल आणि डॉक्टर उपलब्ध नसतील तर तो प्रामाणिक कोड आहे. पण इथे डॉक्टर वरच्या मजल्यावर होते. नेमकी माहिती मिळू शकत असताना मोघम कोडमागे लपणं मला पटलं नाही.

चौथा, आय २०.०, अनस्टेबल अँजायना. वाढत्या क्रमाची अँजायना, श्रमाने नव्याने सुरू झालेली अँजायना आणि अटॅकपूर्व अवस्था याच कोडखाली येतात. समरीत यूएसए आधी लिहिलेलं होतं. मुख्य आजारासाठी दोन पर्याय लिहिलेले असले आणि खुलासा मिळत नसला तर आधी लिहिलेला घ्यावा, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कोडिंग पुस्तकाचा नियमही आहे. त्या नियमाच्या बळावर मी तिथल्या तिथे कोड बदलू शकले असते. पण खुलासा मिळत नसला तर, ही अट त्यातच आहे, आणि आम्ही खुलासा मागितलेलाच नव्हता.

पाचवा पर्याय आबांच्या मुलाने आणला. तो या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग होता, त्याच्याकडे पुढे येते.

काय केलं

आधी हकिकत कागदावर आणणं भाग होतं. मी स्वतः आबांना विचारून लिहून काढलं असतं तर पाच मिनिटांचं काम. पण एमआरडीच्या माणसाने इतिहास लिहायचा नसतो. कोडर लिहिलेलं वाचतो, अडलं तर विचारतो. म्हणून रजिस्ट्रारला घेऊन वॉर्डात गेले. तो तरुण डॉक्टर विदर्भातला, हुशार, थोडा वैतागलेला. जिन्यात म्हणाला, ‘मॅडम, यूएसए काय आणि एनस्टेमी काय, ट्रीटमेंट तर तीच दिली ना?’ त्याचं म्हणणं खोटं नाही. ट्रोपोनिनचा निकाल येईपर्यंत दोन्हींची सुरुवात सारखीच असते. म्हणूनच दोन्ही नावं एका तिरप्या रेघेने जोडून लिहायची सवय लागते. पण ती रेघ दाखल होण्याच्या वेळेपुरती ठीक. दुसरं ट्रोपोनिन आल्यावर आणि अँजिओग्राफी झाल्यावरही ती समरीत राहिली, म्हणजे शेवटी कोणी निर्णय लिहिलाच नाही.

आबा खाटेवर मांडी घालून बसले होते. रजिस्ट्रारने विचारलं, दुखणं पहिल्यासारखंच होतं का? आबा म्हणाले, ‘पहिले चढ चढनू का दुखे, बठनू का थांबी जाये. आते बठेल ऱ्हास तरी दुखस.’ शेजारी उभी असलेली सिस्टर शिंदखेड्याकडची, तिने रजिस्ट्रारला सांगितलं : आधी चढ चढलं की दुखायचं, बसलं की थांबायचं, आता बसलेले असले तरी दुखतं. स्थिर अँजायना अस्थिर कशी झाली याचं यापेक्षा नेमकं वर्णन पाठ्यपुस्तकातही मिळणार नाही. रजिस्ट्रारने मग वेळा विचारल्या. पहाटे तीन, पंचवीस मिनिटं, पुन्हा सव्वाचार. दुखणं कधीपासून वाढलं, रात्री किती वेळा जाग आली, सॉर्बिट्रेटने किती वेळात थांबलं, हे सगळं त्याने त्या दिवशीची तारीख आणि वेळ टाकून, ‘उशिरा केलेली नोंद’ असं वर लिहून, सही करून फाइलला जोडलं. कॅज्युअल्टीच्या मूळ कागदावर कोणी हात लावला नाही. त्यावर व्हाईटनर लावून दोन महिन्यांचे दहा दिवस करण्याची सूचनाही एका कोपऱ्यातून आली होती. जुनी नोंद खोडायची झालीच तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. दोन महिने ही नोंद तर खोडायचीही गरज नव्हती, कारण ती खरी होती. फक्त अपुरी होती.

मग ईसीजी. पुतण्याला विचारलं तर म्हणाला, गाडीतच आहे. घेऊन आला ती कापडाच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी. आत आधार कार्ड, रेशन कार्ड, बियाण्याचं बिल, सातबाऱ्याची झेरॉक्स आणि घडी घातलेली एक लांब पट्टी, पार काळवंडलेली. ईसीजीचा कागद उष्णतेने छपाई होणारा असतो, आणि ही पिशवी तीन दिवस मे महिन्याच्या उन्हात ईकोच्या डॅशबोर्डवर होती. उभ्या-आडव्या चौकटी कशाबशा दिसत होत्या, रेघ नाही. टीपीएच्या दुसऱ्या प्रश्नाचं सगळ्यात मजबूत उत्तर असं भाजून गेलं होतं.

वाचवलं ते व्हॉट्सॲपने. कार्डिओलॉजिस्टच्या फोनवर पहाटे चार-बत्तीसचा फोटो होता, त्यात आबांचं नाव आणि मशीनने छापलेली वेळ स्पष्ट दिसत होती. तालुक्याच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तासाभरात लेटरहेडवर लिहून पाठवलं : वेदना चालू असताना ईसीजी काढला, त्यात काय दिसलं, कोणती औषधं दिली, किती वाजता पाठवलं. फोटोची छापील प्रत त्यांच्या पत्रासह फाइलला लागली.

त्यानंतर कार्डिओलॉजिस्टना लेखी क्वेरी दिली. तिचा मजकूर इथे देते, कारण अशा क्वेरीत शब्द कसे ठेवायचे यावर आमच्याकडेही वाद होतात.

‘समरीत मुख्य निदान “यूएसए / एनस्टेमी” असे दोन पर्यायांत आहे. फाइलमध्ये पुढील नोंदी आहेत : विश्रांतीतील वेदना, पहाटे ३.०० व ४.१५, वेदनेच्या वेळचा ईसीजी ४.३२, प्रत सोबत; ट्रोपोनिन ७.४० व १३.४०, दोन्ही रिपोर्ट सोबत. अँजिओग्राफी रिपोर्ट सोबत. आपल्या मते या ॲडमिशनसाठीचे अंतिम निदान कोणते, ते आधारासह लिहावे. निश्चित करता येत नसल्यास तसे लिहावे.’

‘हे अनस्टेबल अँजायना आहे ना?’ असं विचारलं नाही. टीपीए काय म्हणतंय, कोणत्या कोडला किती पैसे, यातलं काहीही त्यात नाही. पहिला मसुदा बिलिंगने केला होता, त्यात खाली हो / नाही असे दोन चौकोन होते. ते काढले.

डॉक्टरांनी उत्तर लिहिलं : अनस्टेबल अँजायना, विश्रांतीत वीस मिनिटांहून जास्त वेदना आणि दहा दिवसांत वाढता क्रम, वेदनेच्या वेळी एसटी खाली, शेवटच्या वेदनेनंतर नऊ तासांनी घेतलेलं ट्रोपोनिन सामान्य. हा ‘नऊ तास’ महत्त्वाचा. ट्रोपोनिन रक्तात वाढायला काही तास लागतात, त्यामुळे निगेटिव्ह या शब्दाला वेदनेची वेळ माहीत असल्याशिवाय वजन नाही. आमच्या मूळ फाइलमध्ये रक्त घेतल्याची वेळ होती, वेदनेची नव्हती.

कोड मग असे लागले. मुख्य आय २०.०. सोबत आय २५.१, धमन्या कठीण होण्याचा हृदयविकार. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये अमेरिकी यादीही भरलेली आहे आणि ऑपरेटर तिथला आय २५.११० लावायला निघाला होता. त्या यादीत धमनीचा आजार आणि अनस्टेबल अँजायना मिळून एकच जोडकोड आहे, वेगळा आय २०.० त्याच्याबरोबर लावायचा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत असा जोडकोड नाही, दोन्ही वेगळे लागतात. एका फाइलवर दोन याद्यांची सरमिसळ नको. मधुमेहाला ई ११.९, रक्तदाबाला आय १०. तंबाखूला झेड ७२.०, कारण डॉक्टरांनी सवय लिहिली होती, व्यसनाधीनतेचं निदान नव्हे. स्टेंट असल्याचा झेड ९५.५ या ॲडमिशनला लागत नाही, तो पुढच्या भेटींपासून.

मुलाची मागणी

आबांच्या नावावर दहा लाखांची क्रिटिकल इलनेस पॉलिसी, म्हणजे ठरावीक गंभीर आजार झाला की ठरलेली रक्कम देणारी, वेगळी होती. मुलाच्या हातात सकाळची समरी होती, तिच्यावर आय २१.९ छापलेलं. ते त्याने गूगल केलं आणि सरळ माझ्याकडे आला. ‘ताई, तुम्हीच अटॅक लिहिलंय, आता बदलताय कशाला? एका शब्दाने तुमचं काय जातंय? आमचं कर्ज फिटेल.’

त्याचा राग मला समजत होता. कागद आमचाच होता. पण त्या पॉलिसीतली हार्ट अटॅकची व्याख्या नियामकाने ठरवून दिलेली आहे : छातीतल्या दुखण्याचा इतिहास, ईसीजीत नवे बदल, आणि ट्रोपोनिनसारख्या घटकांत वाढ. कोणत्याही प्रकारची अँजायना आणि इतर एसीएस त्यातून स्पष्ट शब्दांत वगळलेले आहेत. म्हणजे आम्ही शंभर वेळा अटॅक लिहिलं असतं तरी विमा कंपनीने ट्रोपोनिनचा रिपोर्ट मागितला असताच. वर खोट्या कागदाचा ठपका आबांच्या नावावर, कारण क्लेम फॉर्मवर सही त्यांची. ही पॉलिसी पहिल्या अटॅकची आहे, हेही कार्डिओलॉजिस्टनी त्याला समजावलं. आज नसलेला अटॅक नोंदवला तर उद्या खऱ्या वेळी ‘पहिला’ हा शब्दच अडवेल.

तो ऐकून घेऊन गेला, पटलं असं नाही. जाताना त्याने पूर्ण फाइलच्या प्रती मागितल्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. आम्ही जुनी समरी, सुधारित समरी आणि क्वेरीचा कागद, तिन्ही दिले. जुनी समरी गायब करण्याचा मोह रुग्णालयाला झालाच नाही असं म्हणवत नाही.

निष्पत्ती

सुधारित समरी, रजिस्ट्रारची नोंद, तालुक्याचं पत्र आणि ईसीजीची प्रत दुपारी टीपीएकडे गेली. मंजुरी रात्री आली. हातमोजे वगैरे नेहमीची कपात सोडली तर बिल पूर्ण मंजूर. आबा जेवणाच्या वेळेनंतर घरी निघाले.

क्रिटिकल इलनेसचा क्लेम मुलाने तरीही टाकला. व्याख्येत बसत नाही म्हणून तो नाकारला गेला. मुलगा त्यानंतर पुन्हा भेटला तेव्हा बोलला, पण कोरडं.

आबा तपासणीला येतात. चढ चढतात, दुखत नाही. तंबाखू ‘कमी कयी’ असं सांगतात, आणि बायको मागून मान हलवते.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त सुधारणा कॅज्युअल्टीच्या कागदावर होती. आता छातीत दुखण्याच्या रुग्णासाठी त्यावर छापील ओळी आहेत : शेवटचं दुखणं किती वाजता सुरू झालं आणि किती वेळ टिकलं, बसल्या जागी किंवा झोपेत होतं का, गेल्या दोन आठवड्यांत वाढलं का, कसं, कशाने थांबलं. ‘दोन महिने’ एवढंच लिहून पुढे जाता येत नाही.

बाहेरून आलेला ईसीजी दारातच झेरॉक्स करून मूळ पट्टी नातेवाइकांना परत द्यायची, हा दुसरा बदल. झेरॉक्स उन्हाने जात नाही. एसीएस टाईप केल्यावर सॉफ्टवेअरने आय २१.९ सुचवणं बंद केलं आहे. आता कोड येतच नाही, एमआरडीला विचारा असा संदेश येतो. बिलिंगला तो आवडलेला नाही. आणि अमेरिकी यादी काढून टाकण्याची मागणी आम्ही केली आहे. ती प्रलंबित आहे.

एका मुद्द्यावर कार्डिओलॉजिस्टचं आणि माझं अजून एकमत नाही. त्यांचं म्हणणं, आपली ट्रोपोनिनची पद्धत जुनी आहे. अतिसंवेदनशील चाचणी असती तर आबांचं ट्रोपोनिन कदाचित किंचित वाढलेलं दिसलं असतं आणि निदान एनस्टेमीकडे, आय २१.४ कडे, सरकलं असतं. ही शक्यता खरी आहे. ती चाचणी आल्यापासून पूर्वी अनस्टेबल अँजायना म्हणून गणले गेलेले काही रुग्ण एनस्टेमीत मोजले जातात. पण कोड त्या ॲडमिशनमध्ये झालेल्या तपासण्यांवर लागतो, होऊ शकल्या असत्या अशा तपासण्यांवर नव्हे. डॉक्टरांना यापुढे शंका असेल तर ती समरीत त्यांच्या शब्दांत लिहावी, एवढी माझी मागणी. त्यांची मागणी नव्या चाचणीच्या मशीनची, आणि ती व्यवस्थापनाकडे गेली आहे.

छापील ओळी दिवसपाळीत बऱ्यापैकी भरल्या जातात. रात्री, विशेषतः अपघाताच्या केसेस आल्या की, ‘गेल्या दोन आठवड्यांत वाढलं का’ ही ओळ कोरी राहते. त्यामुळे आता आयसीयूत पेशंट ताब्यात घेणारी सिस्टर ती ओळ आधी बघते. कोरी असेल तर पेशंटला थांबवायचं नाही, उपचार सुरू करायचे, आणि ड्युटी डॉक्टरला फोन करून पहिल्या तासाच्या आत ती भरून घ्यायची.